शिव्या खाण्याचा सराव

संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि कंडक्टरबाईंचा आवाज जिना उतरून रस्त्यापर्यंत पोचला होता.

"बसलात काय अशा पसरून? काय तुमचं अंगण आहे हे? ऊठ! ए निळ्या स्वेटरवाली, तुलाच सांगतेय. कान घरी विसरून आलीस का?"

खाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ट्यूब बदलायला आलेल्या एका नवख्या गिऱ्हाइकाने दचकून वर पाहिलं. कारागिराने हातातलं चाक न सोडता सांगितलं, "काही नाही. वर अहिंसेचा क्लास असतो."

ते खरंच होतं. वरच्या खोलीत सतरंजीवर दहा-बारा बायका बसल्या होत्या. प्रत्येकीने आपले दोन्ही तळवे आपल्याच मांड्यांखाली दाबून धरले होते. नजर समोरच्याच्या हनुवटीवर. डोळ्यांत बघायचं नाही, कारण डोळ्यांत बघितलं की राग येतो. श्वास नाकाने. उलट उत्तर नाही. रडू आलं तर रडायचं, हसू आलं तर जीभ चावायची. आणि त्यांच्यापुढे येरझारा घालत, गळ्याची शीर फुगवून, कंडक्टरबाई त्यांच्यावर तोंडसुख घेत होत्या. शांतता मंडळात त्यांचं काम एवढंच होतं. अन्यायाविरुद्ध मुकाट बसायला निघालेल्या माणसांना आधीच इतकं बोलून ठेवायचं, की पुढे खऱ्या माणसाचं बोलणं मिळमिळीत वाटावं.

मंडळ चालवायचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणत. सरांचं म्हणणं सरळ होतं. ज्याच्या हातात सत्ता असते तो तुमचा हात वर जाण्याची वाटच बघत असतो. एकदा तो गेला की मागणी राहते बाजूला आणि चर्चा त्या हाताची होते. हात खाली ठेवायला नुसता चांगुलपणा पुरत नाही, सराव लागतो.

सुरुवातीला हा सराव सर स्वतः घेत. बसलेल्यांपुढे उभे राहून म्हणत, "आपण इथून उठलात तर बरं होईल, नाहीतर मला नाइलाजाने कडक शब्द वापरावे लागतील." लोक उठून त्यांना खुर्ची देत. मग त्यांनी हौशी नाटकांतून खलनायकाची कामं करणारा एक पोस्टमन आणला. तो गुरगुरायचा झकास, पण प्रत्येक वाक्यानंतर टाळीसाठी थांबायचा.

तेव्हा सरांना कंडक्टरबाई आठवल्या. काही वर्षांपूर्वी सर उतरायच्या दाराने बसमध्ये चढले होते, आणि त्याबद्दल बाई त्यांना अशा बोलल्या होत्या की सर आपला थांबा आला तरी उतरायचं विसरले. "आयुष्यात मला इतकं नीट कुणी बोललं नव्हतं," असं ते आजही सांगतात. डेपोत चौकशी करत ते बाईंच्या घरी पोचले, तेव्हा बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि गप्प बसून बसून आजारी पडायच्या बेतात होत्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घरातच, खिडकीशी टेबल टाकून, डोळ्याला भिंग लावून. अशा माणसाशेजारी शिंकायचीसुद्धा चोरी.

"आम्हाला शिव्या देणारं माणूस हवंय," सर दारातच म्हणाले.

नवऱ्याने भिंग न काढता सांगितलं, "घेऊन जा."

बाईंनी काम धरलं आणि पहिल्याच दिवशी आपल्या अटी सांगितल्या. आई-बहिणीवरून बोलणार नाही. रंगरूपावरून नाही. कुणाला मूल नसेल, कुणाचा नवरा नांदवत नसेल, तर तिकडे फिरकणारसुद्धा नाही.

"पण बाई, समोरचे नेमके त्यावरूनच बोलतात," सर म्हणाले.

"बोलू देत. जन्म गेला माझा भरल्या बसमध्ये भांडण्यात. कधी कुणाचं घर काढलं नाही. तिकिटापुरतंच भांडायचं."

सरांना हे पटलं नाही, पण दुसरं माणूस मिळत नव्हतं. शिवाय बाईंचं आणखी एक होतं. सराव संपला की मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या आणि मग एकेकीजवळ बसून विचारायचं, "लागलं नाही ना गं कुठे? ते स्वेटरचं उगाच बोलले मी. छान आहे स्वेटर. घरी विणलास का?" त्यांच्या शिव्या खाऊन आजवर वसतिगृहाचे स्वयंपाकी गेले होते, दवाखान्यातल्या आया गेल्या होत्या, नदीकाठच्या वस्तीतली माणसं गेली होती. त्यातल्या एकानेही पुढे हात उचलला नव्हता. बाईंना याचा अभिमान होता आणि त्या तो लपवत नसत.

या वेळची तुकडी मात्र अवघड होती, कारण तिच्यात त्यांची सख्खी भाची होती.

भाची कामाला होती शहरातल्या एका तीन मजली दुकानात. तिथे पडदे, चादरी, गाद्या, उशा, गालिचे मिळत. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत विक्रेतीने बसायचं नाही, असा तिथला नियम. गिऱ्हाईक असो नाहीतर नसो. स्टूल नव्हताच. कुणी भिंतीला पाठ टेकली तरी मॅनेजर मागे येऊन खाकरायचा. चारी बाजूंना गाद्यांचे ढीग आणि त्यांच्यामध्ये दिवसभर ताटकळत उभ्या बायका. रात्री घरी गेल्यावर आधी पाय बादलीत सोडायच्या आणि मग घरच्यांशी बोलायच्या. त्यांनी मालकाकडे दोनदा स्टूल मागून पाहिले. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि बसलेली विक्रेती आळशी दिसते, एवढं सांगून विषय मिटवला.

म्हणून ठरलं ते असं. बुधवारपासून रोज दुपारी चार वाजता सगळ्यांनी आपापल्या काउंटरपुढे फरशीवर बसायचं. पंधरा मिनिटं. घोषणा नाही, फलक नाही, कुणाची वाट अडवणं नाही. सव्वाचारला उठून पुन्हा कामाला लागायचं. मालकाला हे आठवडाभर आधी कळवलंही होतं. सरांचा तो नियमच होता. ज्याच्याविरुद्ध बसायचं त्याच्यापासून काही लपवायचं नाही.

अडचण होती भाचीच्या हाताची. उन्हाळ्यात एकदा मॅनेजर तिच्या मागे येऊन खाकरला, तेव्हा तिने पडद्याच्या कापडाचं अख्खं ठाण त्याच्या दिशेने भिरकावलं होतं. लागलं नाही, पण शेवटची ताकीद मिळाली. पुन्हा हात उचललास तर नोकरी गेली. आणि नुसती तिची नोकरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं. मालकाला तेवढंच निमित्त हवं होतं आणि बाकीच्यांचे स्टूलही तिथेच संपले असते. सरांनी हळूच सुचवलं की तिला या वेळी बसवू नये.

"म्हणजे सगळ्या बसणार आणि मीच तेवढी उभी?" भाची म्हणाली. "वा सर!"

"तिच्या हाताचं माझ्याकडे लागलं," कंडक्टरबाई म्हणाल्या.

भाची त्यांच्याकडेच राहायची, त्यामुळे सराव घरीही सुरू झाला. बाई भाजी चिरता चिरता ओरडत, "हात!" की भाचीचे तळवे मांड्यांखाली गेलेच पाहिजेत. ते इतकं अंगवळणी पडलं की एकदा बाई खिडकीतून दूधवाल्यावर ओरडल्या आणि इकडे भाचीचे दोन्ही हात आपोआप मांड्यांखाली गेले. हातातला कप फुटला. नवऱ्याने भिंगातून कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा काही माझ्याच्याने दुरुस्त व्हायचा नाही."

एक गोष्ट मात्र बाईंनी सरावात आणली नाही. भाची शाळेत असताना तिचा बाप घर सोडून गेला होता. तेव्हा गल्लीतली बाई-माणसं तिच्या डोक्यावरून हात फिरवून "बिचारी" म्हणायची, आणि एका शेजारणीच्या त्या हाताला ती कडकडून चावली होती. बाईंना ठाऊक होतं की भाचीला शिवी सोसते, कीव सोसत नाही. पण ते घर काढण्यात जमा होतं.

बुधवारी बाई दुकानात गेल्या त्या निरीक्षक म्हणून. सरांनी बजावलं होतं, गिऱ्हाइकासारखं फिरायचं आणि तोंड उघडायचं नाही. "खोकला आला तरी बाहेर जाऊन खोका." चारला दोन मिनिटं असताना बाई उशांच्या मांडणीमागे एक उशी छातीशी धरून उभ्या होत्या.

चार वाजले. बायका बसल्या. तळवे मांड्यांखाली, नजर हनुवटीच्या उंचीवर, पण समोर हनुवटी कुणाचीच नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, ती गोंधळून बघायला लागली. मग मॅनेजर आला. किडकिडीत, कडक इस्त्रीचा शर्ट, एकोणीस वर्षं याच दुकानात. बायकांनी दात आवळले.

मॅनेजरच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास.

"ताई, दमलात ना?" तो पहिलीला म्हणाला. "घ्या, पाणी घ्या. फरशी गार लागत नाही ना?"

याचा सरावच झाला नव्हता. निळ्या स्वेटरवाली "थँक्यू सर" म्हणत अर्धी उठलीसुद्धा. तिच्या पलीकडची म्हणाली, "नाही हो, आमचाच त्रास तुम्हाला." तिसरीने ग्लास घ्यायला हात बाहेर काढला आणि पुढे त्या हाताचं काय करायचं ते तिला सुचेना. शिव्यांपुढे भिंतीसारख्या बसणाऱ्या बायका एका ट्रेपुढे विरघळायला लागल्या. मालकाने आठवडाभर आधी मिळालेल्या निरोपाचा पुरेपूर उपयोग केला होता.

मॅनेजर भाचीपाशी आला. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुझं मी समजू शकतो हं. घरी वडील नाहीत. डोकं भडकतंच गं माणसाचं. बिचारी."

भाचीचा उजवा हात बाहेर आला. शेजारी कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी पडली होती. हात पट्टीवर गेला आणि मिटला.

मांडणीमागे कंडक्टरबाईंचं तोंड आपोआप उघडलं.

"ए! बसलीस काय अशी? हा काय बसस्टॉप वाटला? आणि हात! हात कुठे आहेत?"

खणकन पट्टी फरशीवर आदळली. भाचीचे तळवे मांड्यांखाली गेले. सगळ्यांचेच गेले. निळ्या स्वेटरवाली अर्धी उठली होती ती धप्पकन खाली बसली. परत देण्यासाठी धरलेला एक ग्लास कलंडला. ओळखीचा आवाज ऐकून बायकांच्या चेहऱ्यावर एकदम सुटकेचा भाव आला.

आता थांबून चालणार नव्हतं. बाई उशी घेऊन पुढे आल्या. "गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि या महाराण्या खाली पसरल्यात! दुकान आहे का धर्मशाळा? नजर खाली! बघतेय कशी बघा माझ्याकडे!"

पण दुकानातल्या बाकीच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. चादर बघत असलेले एक म्हातारे गृहस्थ वळून म्हणाले, "अहो बाई, ही काय भाषा झाली? बसल्या तर बसल्या. तुमचं काय जातंय?"

"दिवसभर उभ्या असतात त्या," पडद्यांपाशी उभी असलेली एक गिऱ्हाईकबाई म्हणाली. "तुम्ही एक दिवस उभं राहून दाखवा."

"राहिलेय! एकतीस वर्षं राहिलेय!" कंडक्टरबाईंच्या तोंडून गेलं.

"मग तर तुम्हाला कळायला पाहिजे!"

 बाईंनी आवाज आणखी चढवला.

आणि मग मॅनेजर उभा राहिला. एकोणीस वर्षांत त्याच्यावर कितीतरी गिऱ्हाइकं ओरडली होती आणि दर वेळी त्याने मान तुकवली होती. आज हातात ट्रे असल्यामुळे म्हणा, लोक बघत असल्यामुळे म्हणा, त्याची मान ताठ झाली. "मॅडम, आमच्या स्टाफशी असं बोलायचं नाही," तो म्हणाला. "बसल्यात त्या. बसणार. रोज बसणार! तुम्हाला चालत नसेल तर दरवाजा तिकडे आहे."

गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्याच्या कठड्याशी मालक उभा होता, त्याने त्या ऐकल्या. वॉचमनने बाईंना दंडाला धरून दारापर्यंत नेलं आणि तिथे त्यांच्या हातातली उशी काढून घेतली. नोकरीच्या काळात बाईंनी कित्येकांना बसमधून खाली उतरवलं होतं. आपल्याला कुणी उतरवलं की कसं वाटतं, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. फारसं बरं वाटत नाही.

संध्याकाळपर्यंत मालकाने स्टूल मागवले. गिऱ्हाइकांची टाळी कशाला पडते हे त्याला चटकन कळायचं.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बिस्किटं वाटली जात होती. कुणी मॅनेजरची नक्कल करत होतं, कुणी बाईंची. सर तेवढे खिडकीशी उभे होते.

"सर, तुम्ही घेतलं नाही बिस्किट," निळ्या स्वेटरवाली म्हणाली.

"ते स्टूल आपले नाहीत," सर म्हणाले.

नक्कल थांबली.

"त्या माणसाला वाटलं, बाई खरंच गिऱ्हाईक आहेत. म्हणून तो तुमच्या बाजूने बोलला. आपण त्याला फसवलं."

"मुद्दाम थोडंच फसवलं!"

"तेव्हा मुद्दाम नव्हतं. आता गप्प बसलो तर मुद्दाम होईल. त्याला सांगावं लागेल, आणि मालकालाही."

मग जो गलका झाला तो शांतता मंडळाच्या लौकिकाला शोभणारा नव्हता. मिळालेले स्टूल आपल्या हाताने घालवायचे का, असं एकजण म्हणाली. आणि सर, तुम्ही कधी दिवसभर उभे राहिलात का, असं दुसरी. "राहिलोय, फळ्यापुढे," सर म्हणाले, "पण तो मुद्दा नाही." उद्या हे बाहेर पडलं तर मालक म्हणेल, या बायका नाटकं करतात, आणि त्यानंतर खरं बसलेलंही कुणाला खरं वाटणार नाही. हे सगळ्यांना कळत होतं. म्हणूनच सगळ्या चिडल्या होत्या.

"मी जाते सांगायला," कंडक्टरबाई म्हणाल्या. "तोंड माझं होतं."

 घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर भाची म्हणाली, "मी मारणार नव्हते त्याला."

"पट्टी उचलली होतीस."

"बाजूला ठेवत होते."

"एवढी गच्च धरून?"

"आता कसं कळणार, मावशी? तू ओरडलीस ना. आता तुलाही नाही कळणार आणि मलाही नाही."

 

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी बाई मॅनेजरला भेटल्या आणि सगळं सांगून टाकलं. मॅनेजर मटकन बसलाच असता, पण बसायची सवय नव्हती.

"म्हणजे तुम्ही तिची मावशी?"

"सख्खी."

"अहो, मी घरी सांगितलं हो! एका भयंकर बाईला कसं सुनावलं ते. बायकोने दोनदा सांगायला लावलं. सासऱ्यांना फोन करून सांगितलं."

"मी भयंकर आहेच की. तेवढं खोटं नाही ठरणार."

"वर नका हो सांगू."

पण वर सांगणं भाग होतं. मालकाने ऐकलं, चिडला नाही, चहाचा एक घोट घेतला. "म्हणजे काल जे झालं ते झालंच नाही," तो म्हणाला. स्टूल गोदामात गेले. बाईंना दुकानात यायची बंदी झाली. निघता निघता बाईंनी सांगितलं की आधी कळवायचं म्हणून आज नाही, पण उद्या, शुक्रवारी चार वाजता बायका पुन्हा बसणार आहेत. मालक म्हणाला, "पाणी तयार ठेवू."

त्या संध्याकाळी सराव झाला तो गोड बोलण्याचा. आणि तिथे कंडक्टरबाई साफ हरल्या.

"ताई, दमलात ना?" त्या म्हणाल्या. बायका दचकल्या. गोड बोलतानाही त्यांचा आवाज तिकीट मागत होता.

"मावशी, मला बिचारी म्हण," भाची म्हणाली.

"नाही म्हणणार."

"म्हणावंच लागेल. तो उद्या म्हणणारच आहे."

 शेवटी त्या उठल्या, घरी गेल्या आणि नवऱ्याला घेऊन आल्या. भिंग खिशात घालून तो सतरंजीच्या कडेला उभा राहिला. इतक्या बायका एकदम बघून संकोचला. मग भाचीपुढे अवघडत बसला, तिच्याकडे बघितलं आणि घड्याळाच्या टिकटिकीएवढ्या आवाजात म्हणाला, "बिचारी गं माझी."

 निळ्या स्वेटरवाली रडायला लागली. भाचीचे हात मात्र जागेवर होते.

"पुन्हा," भाची म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. तासाभरात बायका इतक्या तयार झाल्या की कुणी मायेने बोललं तरी त्यांची नजर हनुवटीवर जायला लागली. नवऱ्याला मात्र त्रास झाला. घरी जाताना तो म्हणाला, "तुझं काम वाईट आहे गं." लग्नानंतर त्याने बाईंच्या कामाबद्दल काढलेला हा पहिलाच उद्गार होता.

शुक्रवारी चार वाजता बाई दुकानासमोरच्या फुटपाथवर होत्या, शेजारी सर. मध्ये रस्ता आणि दुकानाची काच. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"तोंड बंद," सर म्हणाले. "तुमचं इथूनही आत जाईल."

बाईंनी पदराचा बोळा दातांत धरला. आत बायका बसल्या. मॅनेजर ट्रे घेऊन आला आणि मालकाच्या हुकमाप्रमाणे एकेकीपुढे उकिडवा बसून, दोन गोड शब्द बोलून, उठून पुढच्या बाईपुढे बसायला लागला. कुणी विरघळलं नाही. भाचीपाशी तो सर्वांत जास्त थांबला. त्याचे ओठ हलले. भाचीचा उजवा हात बाहेर आला.

बाईंच्या दातांतला पदर ओला झाला.

हाताने ग्लास उचलला. भाची पाणी प्यायली, सावकाश, सगळं. ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि हात परत मांडीखाली घातला. मॅनेजर काय म्हणाला ते तिने नंतर सांगितलं. तो बिचारीच म्हणाला होता. ती म्हणाली होती, "हो. पाणी छान गार आहे."

पुढच्या बाईपुढे जायला मॅनेजर उठायला लागला, आणि अर्ध्यावर अडकला. कंबरेत उसण भरली होती. दहा-बारा वेळा उठबस करायची सवय त्या कंबरेला राहिली नव्हती. तो कसाबसा एका गुंडाळलेल्या गालिच्यावर टेकला, आणि टेकला तो टेकलाच. वॉचमनने हात धरून ओढलं, तर तो इतका ओरडला की काचेबाहेरही अंधुक ऐकू आलं. मालक खाली आला, तेव्हा गिऱ्हाइकं सोडली तर दुकानात तो स्वतः आणि वॉचमन यांच्याशिवाय कुणीच उभं नव्हतं.

मालकाने वॉचमनला गोदामाकडे पिटाळलं. एक स्टूल आला. दोघांनी मिळून मॅनेजरला उचलून त्यावर बसवलं. तो दुकानाच्या मधोमध बसला, ट्रे मांडीवर, डोळे मिटून. त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते बाहेरूनही दिसत होतं.

पडद्यांपाशी बुधवारचीच ती गिऱ्हाईकबाई उभी होती. बुधवारी पडद्याचा रंग ठरला नव्हता म्हणून परत आली होती. ती मालकाला काय म्हणाली, हे आत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. "साहेबांना स्टूल आणि या बायकांना फरशी? असं कसं हो?"

मालकाने तिच्याकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं, मग घड्याळाकडे. चार वाजून तेरा मिनिटं झाली होती. एक मोठा श्वास घेऊन तो वॉचमनला म्हणाला, "बाकीचे पण आण."

सव्वाचारला बायका ठरल्याप्रमाणे उठल्या आणि कामाला लागल्या. फुटपाथवर कंडक्टरबाईंनी पदर तोंडातून काढला, पण बोलल्या काहीच नाहीत. सरांनी काळजीने विचारलं, "बाई, बरं वाटतंय ना?"

संध्याकाळी मालकाने आपल्या अटी सांगितल्या. गिऱ्हाईक समोर असेल तर उभं राहायचं, नसेल तर बसायचं. मॅनेजरचा स्टूल मॅनेजरकडेच राहील. कंडक्टरबाईंची बंदी उठणार नाही. बायकांनी तिन्ही मान्य केल्या. शेवटच्या अटीवर भाची जरा जास्तच लवकर हो म्हणाली.

उद्या शनिवार. दुकान दहाला उघडतं. पडद्यांच्या काउंटरवर बायका तीन आणि स्टूल दोन आहेत, म्हणून पाळी लावली आहे. भाचीची बसायची पाळी साडेअकराला सुरू होते.